बाबांचा उजवा पाय आणि तीन वर्षांची फाईल

जून २०२२, शाळा उघडायच्या आधीचा आठवडा. बाबांचं पुण्यात धायरीत टेलरिंगचं छोटंसं दुकान आहे, दोन मशीन, एक कटिंगचं टेबल, मागे आईचं काज-बटण. कोरोनाची दोन वर्षं शाळाच बंद, मग युनिफॉर्म कोण शिवणार, त्यामुळे तो पहिला खरा सीझन होता आणि बाबा पहाटे साडेपाचलाच शटर वर करत होते. त्या संध्याकाळी स्कूटरवर पायाशी शेहेचाळीस युनिफॉर्मचं गाठोडं ठेवून वडगावच्या एका दुकानदाराकडे निघाले, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागले, भुरभुर पाऊस होता, आणि समोरून राँग साइडने एक पिकअप टेम्पो आला.

बस, एवढंच झालं. नंतर तीन वर्षं ह्या एका वाक्याचे कागद करण्यात गेली.

टेम्पोवाला पळून गेला नाही हे त्याचं चांगलंच म्हणायचं. खाली उतरला, म्हणाला काका यू-टर्न फार लांब पडतो हो इथे. ज्यांना नवले पुलाकडचा तो पट्टा माहितीये त्यांना हे वाक्य नवीन नाही, तिथे सर्व्हिस रोडवर उलटं येणारा माणूस आपल्याकडेच रागाने बघतो. एका कॉलेजच्या मुलाने गाठोडं सोडून त्यातल्या दोन शर्टांनी बाबांचा पाय बांधला, रिक्षा थांबवली, दवाखान्यापर्यंत आला आणि पोलिसांचं नाव निघताच गेला. नाव नाही, नंबर नाही. वाईट ह्याचं वाटतं की मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही असं कायद्यातच आहे, मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम त्यासाठीच घातलंय, पण त्या मुलाला कोण सांगणार. मला तेव्हा कुठे माहिती होतं.

मी पोचले तेव्हा बाबा स्ट्रेचरवर, उजव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडलेली, एक बाहेर आलेलं, आणि ते मला विचारतायत गाठोडं कुठंय.

काउंटरवर पहिला प्रश्न पन्नास हजार डिपॉझिटचा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता पण तो इतक्या सहज विचारला की मी हो म्हणणारच होते. "एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, करायची का? उगाच पोलिसांची भानगड मागे लागते, घसरून पडले म्हणून लिहूया का?" शेजारी ड्रेसिंगचं सामान भरणाऱ्या सिस्टर होत्या, त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, ताई टेम्पोने उडवलं म्हणूनच लिहायला सांगा, गाडीचा नंबर पण सांगा. मी सांगितला. केसपेपरवरच्या त्या दीड ओळीवर पुढची सगळी केस उभी राहिली. "घसरून पडले" लिहिलं असतं तर टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील तोच कागद फडकवत बसला असता.

एफआयआर व्हायला मात्र तिसरा दिवस उजाडला. आधी हद्दीचा घोळ, मग जखमीचा जबाब हवा म्हणून, मग साहेब बंदोबस्तात. मध्ये टेम्पोचा मालक येऊन गेला, फळांची पिशवी आणि वीस हजार, ताई मिटवून टाकू, गरीब ड्रायव्हर आहे. आई मिटवायला तयार होती. खरं सांगू का, मीपण होते, पण त्याच दुपारी डॉक्टरांनी पहिला अंदाज सांगितला दीड लाख, आणि तो पण "इन्फेक्शन झालं नाही तर". मग २७९, ३३८ ही कलमं लागली, बेदरकार गाडी चालवणं आणि गंभीर दुखापत (तेव्हा आयपीसी होती, आता न्याय संहितेत नंबर बदललेत), घटनास्थळ पंचनामा झाला, आणि पंचनाम्यात टेम्पो उलट्या दिशेने आला हे स्पष्ट लिहिलंय ना, एवढं मी तीनदा वाचून घेतलं. हवालदार वैतागले. वैतागू देत.

नंतर कधीतरी रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी आकडे बघत होते. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पुढच्या वर्षी मृत्यू अजून वाढून १,७२,८९०. (हे आकडे सरकारी अहवालात नंतर आले, बाकड्यावर मी आधीच्या वर्षाचे बघत होते, पण चित्र तेच.) बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकलेले असतात, सत्तर टक्क्यांच्या आसपास, आणि राँग साइडचे साधारण पाच टक्के. मेलेल्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीवाले. आपले बाबा त्या चार लाख त्रेचाळीस हजारांतले एक, पण ते सुद्धा एफआयआर झाली म्हणून. वीस हजार घेऊन मिटवलं असतं तर ते मोजलेच गेले नसते. किती जण असे फळांच्या पिशवीवर मिटलेले असतील कोण जाणे.

इन्फेक्शन झालंच. हाड उघड्यावर आलेलं, रस्त्यावरचा चिखल, ते होणारच होतं म्हणे. पहिल्या ऑपरेशनला रॉड टाकला, चौथ्या महिन्यात दुसरं ऑपरेशन, कमरेचं हाड काढून तिथे भरलं. एकूण चार लाख दहा हजार गेले. मामाकडून दीड, माझी एफडी, आणि आईच्या पाटल्या गहाण. आमच्याकडे मेडिक्लेम नव्हता. स्कूटरचा इन्शुरन्स होता पण तो थर्ड पार्टी, म्हणजे बाबांनी दुसऱ्याला उडवलं असतं तर त्याला मिळाले असते, आणि सोबत जो पंधरा लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो तो माणूस गेला किंवा हातपाय कायमचा गेला तरच. मोडलेला पाय त्यात बसत नाही. आता म्हणजे मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आलीये, आमच्या वेळी नव्हती, असो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डात एक गृहस्थ आले, हातात डायरी, काकांना बरं वाटतंय का वगैरे, आणि मग "क्लेमचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा, तीस टक्के". ह्यांना आपल्या आधी बातमी कशी कळते हा माझ्यासाठी अजूनही गहन प्रश्न आहे. मी अकाउंट्समध्ये काम करते, टक्केवारी ऐकली की मला आधी संशय येतो. ऑफिसमधल्या एका काकांनी वकीलबाई सुचवल्या, त्यांनी सरळ फी सांगितली, टप्प्याटप्प्याने द्यायची. वर हेही सांगितलं की निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेणं वकिलांच्या नियमातच बसत नाही, कोणी मागितली तर उठून यायचं.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे, १ एप्रिल २०२२ पासून हा नियम परत आलाय, त्यामुळे "बाबा बरे झाले की बघू" हे डोक्यातून काढा. दुसरी, रस्ते दोन आहेत. मोटार वाहन कायद्याच्या १६४ कलमाखाली गेलात तर चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही, गंभीर दुखापतीला सरळ अडीच लाख आणि विषय संपला. १६६ खाली गेलात तर टेम्पोची चूक सिद्ध करावी लागेल, वेळ लागेल, पण खरं नुकसान मागता येईल. अडीच लाख ऐकून आईचे डोळे लकाकले, आणि बाबा म्हणाले माझा पाय बरा झाला तर घेऊ अडीच. पाय बरा झाला नाही. घोटा जाम झाला तो झालाच, पाय पाऊण इंच आखूड. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही १६६ खाली शिवाजीनगर कोर्टात अर्ज टाकला. अर्जदार बाबा, सामनेवाले तीन: ड्रायव्हर, मालक, टेम्पोची विमा कंपनी. त्याच महिन्यात नवले पुलाजवळ उतारावर एका अवजड गाडीने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या होत्या, टीव्हीवर दिवसभर तेच. बाबा ते बघत वॉकरवर उभे होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

नियमाने खरं तर पोलिसांनीच अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, पाठवायचा असतो, हेसुद्धा एप्रिल २०२२ पासूनच. आमच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही, एफआयआर, पंचनामा, टेम्पोची आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याच्या नकला मी हेलपाटे घालून काढल्या.

आता पावत्यांचं सांगते कारण तिथे आमचे जवळजवळ लाखभर बुडाले. मेडिकलच्या पावत्या ज्या चकचकीत कागदावर येतात ना, त्यावरची शाई उडते. मी सगळ्या एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलेल्या, तारखेप्रमाणे, आणि सहा महिन्यांनी उघडलं तर अर्ध्या कोऱ्या. अक्षरशः पांढरा कागद, कोपऱ्यात मेडिकलवाल्याचा शिक्का तेवढा राहिलेला. काही मेडिकलवाल्याने पुन्हा काढून दिल्या, काही नाही. घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या ब्रदरचे रोजचे तीनशे, त्याची पावती कुठली. रिक्षाचे पैसे, तेच. त्यामुळे खर्च चार दहा आणि कोर्टात दाखवण्यासारखे तीन बारा. कोणाच्या घरात असं काही चालू असेल तर आजच्या आज झेरॉक्स काढा, मूळ पावती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

आणि ज्याची पावतीच असू शकत नाही ते वेगळंच. तो सीझन गेला. शेहेचाळीस युनिफॉर्मपैकी दोन शर्ट पाय बांधायला गेले, बाकीचे चिखलाने भरलेले आईने तीनदा धुतले, तरी दुकानदाराने एकोणीस परत केले. पुढच्या जूनला त्याने दुसरा टेलर धरला. आईने दहा महिने बाबांचं सगळं केलं, अंघोळीपासून, तिचं काज-बटण बंद. हे अर्जात "परिचारिका खर्च" म्हणून एका ओळीत लिहिलं जातं, आकडा आपला अंदाजे.

मुख्य भांडण कमाईवरून होतं. बाबांनी आयुष्यात कधी इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं नाही, भरण्याइतकं कधी झालंच नाही. मग कमाई दाखवायची कशी? शेवटी कामी आली त्यांची मापांची वही. छाती, कंबर, उंची, बाही, आणि प्रत्येक मापाशेजारी शिलाईचे पैसे, जमा-बाकी, तारीख. अशा अकरा वह्या. मी दोन रविवार बसून त्यांची एक्सेल शीट केली, महिन्याला सरासरी अठरा हजार निघाले. वह्यांच्या मधे गिऱ्हाइकांच्या कापडाचे नमुने टाचलेले, एका पानावर माझ्याच दहावीच्या ड्रेसचं माप होतं.

विमा कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली तर त्यात जवळजवळ सगळंच अमान्य. अपघात अमान्य, जखम अमान्य, कमाई अमान्य, अर्जदार टेलर आहे हेही अमान्य! वकीलबाई म्हणाल्या मनाला लावून घेऊ नका, हा छापील मजकूर असतो. पण एक मुद्दा खरा अडचणीचा होता: टेम्पो ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, मालवाहू वाहनाचं वेगळं नाही, म्हणजे पॉलिसीची अट मोडली, म्हणजे आमच्यावर जबाबदारी नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ लाच सांगितलेलं की साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, पण ते प्रकरण परत मोठ्या बेंचकडे गेलेलं, आणि तोवर विमा कंपनी त्याच्याच आडोशाला उभी.

अपंगत्वाचा दाखला सरकारी हॉस्पिटलमधून निघाला, २२ टक्के. तिथे मला पहिल्यांदा कळलं की हे २२ टक्के आणि कोर्टातले टक्के वेगळे असतात. डॉक्टर सांगतात पाय किती गेला, कोर्टाला बघायचं असतं की ह्या माणसाचं काम किती गेलं. एखाद्या कारकुनाचा घोटा आखडला तर त्याच्या कामात फार फरक पडत नाही. टेलरचा उजवा घोटा म्हणजे त्याचा पोटापाण्याचा अवयव.

बाबांचा उलटतपास २०२४ च्या उन्हाळ्यात झाला. सकाळी अकरापासून बसलो, पुकारा झाला सव्वातीनला. बाबांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातलेला, काठी बाहेर ठेवून आले कारण त्यांना वाटलं कोर्टात काठी नेणं बरं दिसणार नाही. कंपनीच्या वकिलांनी आधी हेल्मेटचं विचारलं. आता पुणेरी माणसाचं हेल्मेट कुठे असतं, बाबांनी खरं सांगितलं, आरशाला अडकवलेलं होतं. (ह्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेत, त्यामुळे कोर्टात कोणालाच नवल वाटलं नाही.) वकीलबाई शांतपणे म्हणाल्या जखम पायाला आहे. मग तक्रार उशिरा का दिली, तर ऑपरेशन होतं. आणि मग वकिलांना वाटलं आता पकडलं.

"आता मोटरची मशीन आलीत ना? मोटर लावली की पाय मारायला लागत नाही, बरोबर?"

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं गेलं. मग म्हणाले, "साहेब, मोटरला पण पायडल असतं. दाबायचं असतं आणि सोडायचं असतं. दाबता येतंय मला. सोडता येत नाही वेळेवर. कॉलरच्या टोकाला मशीन जिथल्या तिथे थांबवावं लागतं, दोन टाके पुढे गेलं की टोक बिघडतं. मग उसवा."

आणि बोलता बोलता त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उजवा पाय दाबून दाखवला. टाच वर येईना. न्यायाधीशांनी चष्म्यावरून खाली पायाकडे बघितलं, आणि हे रेकॉर्डवर घ्या म्हणून टंकलेखिकेला सांगितलं. तीन वर्षांत हीच काय ती पाच मिनिटं अशी होती जेव्हा मला वाटलं की कोणीतरी खरंच बाबांच्या पायाबद्दल बोलतंय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लायसन्सचा प्रश्न मिटवला, साडेसात हजार किलोपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. आमचा पिकअप त्याच्या निम्म्यातही भरत नाही. त्यानंतर कंपनीकडून "तडजोडीला तयार आहात का" असा निरोप यायला फार दिवस लागले नाहीत, आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय लोकअदालतीत आमची केस बोर्डावर लागली. शनिवार होता, कोर्टात लग्नाच्या हॉलसारखी गर्दी.

वकीलबाईंनी फाईलच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेला हिशोब सांगते, कारण हे गणित कोणी समजावून सांगत नाही. महिन्याची कमाई गुणिले बारा. स्वतःचा धंदा आणि वय पन्नास ते साठ, म्हणून पुढच्या वाढीचे दहा टक्के त्यात. मग वयाप्रमाणे ठरलेला गुणक, बाबा अपघाताच्या दिवशी ५२ चे, ५१ ते ५५ ला गुणक ११. आणि शेवटी काम किती टक्के गेलं त्याने गुणायचं. आमचा हिशोब: अठरा हजार धरून, चाळीस टक्के काम गेलं धरून, १०,४५,४४० आणि वर दवाखाना, वेदना वगैरे. कंपनीचा हिशोब: कमाई बारा हजार, वाढ नाही, दाखल्यातले बावीस टक्के, ३,४८,४८०. एकच पाय, दोन्ही हिशोब सरळ, कुठेही बेरीज-गुणाकार चुकलेला नाही. बाबा म्हणाले दोन वर्षं आधी उडवलं असतं तर? वकीलबाई म्हणाल्या मग गुणक १३. बाबा म्हणाले बघा, तिथेपण टायमिंग चुकलं. पॅनेलवरच्या बाईंना पण हसू आलं.

सहा लाखांपासून सुरू झालं, नऊवर थांबलं, सगळं मिळून. थांबलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, व्याजासकट, पण मग कंपनी हायकोर्टात गेली असती की नाही हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि लोकअदालतीत ठरलं की अपील नाही. मला अजून थांबायचं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही, पेन मागितलं आणि सही केली. घरी येताना मी रिक्षात रागावून बसले होते, ते म्हणाले, तुझ्या किती रजा गेल्या त्याचा गुणक कोण लावणार.

पैसे आले. मामाचे दिले, पाटल्या सोडवल्या, बाबांनी उरलेल्यातून एक सर्व्हो मोटरचं मशीन घेतलं, त्यात पायडल गुडघ्याजवळ घेता येतं असं मेकॅनिकने जमवून दिलंय. कॉलर अजून आई करते.

मला वाटलेलं फाईल बंद झाली. तर मागच्या महिन्यात दुकानात समन्स आलं, ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळी असते आणि ती अजून चालूच आहे, बाबांना साक्षीला बोलावलंय. बाबांनी समन्स दोनदा वाचलं, मापांच्या वहीत ठेवलं आणि मला म्हणाले, तारखेला जाऊ, पण वकीलबाईंना विचारून ठेव, पुढची तारीख पडलीच तर जूनमधली नको म्हणावं.